जिंकल्याचा गुन्हा

1 नोव्हेंबर 2007, नागोया डोम. जपानी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे जपान सिरीजचा, पाचवा सामना, चुनिची ड्रॅगन्स 1-0 ने पुढे. आठ इनिंग झालेल्या, 24 फलंदाज आले आणि 24 बाद होऊन परतले. चुनिचीचा पिचर यामाई दाइसुके परफेक्ट गेमपासून, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता सामना संपवण्यापासून, तीन बळी दूर. जपान सिरीजमध्ये असं कधीच घडलं नव्हतं. आणि मॅनेजर ओचिआई हिरोमित्सु यांनी त्याला बसवून इवासे हितोकीला बोलावलं!

इवासेने तिघांना गुंडाळलं. 53 वर्षांनी विजेतेपद आलं. पण लग्न लागलं तरी मानपानावरून वऱ्हाड रुसलेलंच. सामना हरले असते तर ओचिआईंना माफी तरी मिळाली असती. यामाईच्या बोटाला फोड आला होता म्हणे. पण इतिहास घडत असताना बोटाकडे कोण बघतो?

आदर्श हवा असेल तर 2013 ची जपान सिरीज घ्या. राकुतेन संघाच्या तानाका मासाहिरोने सहाव्या सामन्यात 160 चेंडू टाकले, वर सामनाही हरला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगला पुन्हा तोच हजर! संघ जिंकला, प्रेक्षक गहिवरले. तानाकाच्या खांद्याला मात्र मताधिकार नव्हता.