पाच गुणिले पाच

ऑफिसात सुरक्षा-तपासणी आहे म्हटलं की दोन दिवस आधीपासून लगीनघाई उडते. टेबलाखालच्या वायरी गायब होतात. झेरॉक्स मशीनमागच्या ज्या खोक्यांवर चढून आम्ही चार वर्षं वरच्या कपाटातल्या फायली काढल्या, त्यांना एकाएकी गोदाम सापडतं. प्रथमोपचाराच्या पेटीत चक्क प्रथमोपचाराचं सामान येतं.

मग फॉर्म. धोका लिहायचा, घडण्याची शक्यता एक ते पाच, इजा किती ती एक ते पाच, आणि गुणाकार. पंधरा झाले की लाल. पॅन्ट्रीतली किटली : तीन गुणिले दोन, सहा, पिवळा रंग. मी किटलीवर 'गरम आहे' अशी चिठ्ठी डकवली. शक्यता एकावर आली, किटली हिरवी झाली. पाणी तेवढंच उकळतं.

हसण्यावारी नेऊ नये, हेही खरं. 2004 साली इथे सिंगापुरात निकोल हायवेजवळचं खोदकाम खचून चार माणसं गेली. त्यानंतर सरकारनं 2006 मध्ये नवा कायदा आणला आणि 2011 पासून तो दुकानं-ऑफिसांसकट सगळ्यांना लावला. लाखामागे 4.9 असलेलं कामावरच्या मृत्यूंचं प्रमाण 2023 मध्ये 0.99 वर आलं. आपल्या महाराष्ट्रानं 2017 च्या दुकाने कायद्यात निरीक्षकाचं नावच 'सुविधाकार' करून टाकलं. सुविधा कोणाची, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं. इथले, सिंगापूरचे लोक एवढे कल्पक नाहीत. ते दंड वाढवतात. सुरक्षा-नियम मोडल्याचा कमाल दंड जून 2024 पासून वीस हजार डॉलरवरून पन्नास हजारांवर गेला.

तर आम्ही पास झालो. किटलीचं विशेष कौतुक झालं.

त्या आनंदात संध्याकाळी टॅक्सी केली. पीआयई एक्सप्रेसवेवर पुढे एक लॉरी. मागच्या हौद्यात दहा-बारा मजूर मांडी घालून, मांडीवर पिवळी हेल्मेटं. दिवसभर क्रेनखाली ज्यांचं डोकं सांभाळलं, ते आता घरी निघाले होते. वर छत, बाजूला उंच कठडा, दोन्ही कायद्यानं सक्तीचं. बेल्ट नाही, कारण सीट नाही. एप्रिल 2021 मध्ये याच रस्त्यावर अशाच लॉरीच्या अपघातात दोन मजूर गेले. 2023 मध्ये ही पद्धत बंद करा अशी मागणी झाली, तेव्हा सरकारनं सांगितलं की घरं आणि मेट्रोची कामं रखडतील. मी सवयीनं गुणाकार करू लागलो. इजा पाच, हे लगेच ठरलं. शक्यतेपाशी अडलो. चिठ्ठी कुठे डकवायची, तेही कळेना.

तेवढ्यात आरशातून टॅक्सीवाले अंकल खेकसले, "बेल्ट लाव लाह! मागे बसलं तरी फाइन असतो."

मी मुकाट्यानं बेल्ट लावला. लॉरीतल्या एकानं माझ्याकडे बघून हात हलवला.