मोबाइल शिकतोय, साहेब चहाला गेलेत

शाईच्या पॅडला टेकवून उभा केलेला मोबाइल. पडद्यावर टाय लावलेले एक गृहस्थ ‘नागरिकांशी सौजन्यपूर्ण संवाद’ या विषयावर बोलतायत. समोरची खुर्ची रिकामी. खिडकीबाहेर नागरिक ताटकळलेले, आणि त्यांच्याशी कुणीच बोलत नाही.

“मामा, साहेबांचं ट्रेनिंग चालू हाय. बसा की जरा,” शिपाई सांगतो. मामा औशाहून फेरफारासाठी आलेले. बाकड्याचा एक पाय मोडलाय, त्यामुळे ते उभ्यानेच बसतात.

हा व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, ही त्यातली गोम. ज्याने ही अक्कल लढवली त्याला वाटलं असणार, आता झक मारत बघतील. त्याने आमचा मराठवाडा पाहिलेला नाही. व्हिडिओ पळत नसेल तर माणूस पळतो. व्हिडिओखालची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली की प्रमाणपत्र उतरतं. पट्टीला डोळे नाहीत, तिला फक्त बॅटरी लागते. तरी कुणीतरी ऐकत असणारच. वरचा पंखा ऐकतो, पण तो मान डोलावतो म्हणजे त्याला पटलंच असं नाही. ट्यूबलाइटमागची पाल मात्र मन लावून बसते. माझ्या हिशेबाने तिचं ताणतणाव व्यवस्थापन झालंय, वेळेचं नियोजन झालंय, आणि कार्यालयीन नीतिमत्तेत तर ती जिल्ह्यात पहिली यावी, कारण आजवर तिने कुणाकडून चहासुद्धा घेतलेला नाही. उद्या पदोन्नतीची यादी निघाली आणि तिचं नाव वर आलं, तर निदान सेवाज्येष्ठतेवरून कुणी भांडू नये. तीही कित्येक वर्षं त्याच भिंतीवर आहे, बदलीचा अर्ज न करता.

व्हिडिओनंतर चाचणी येते. चाचणीच्या आधी कार्यालयाच्या गटावर उत्तरं येतात: १-ब, २-ड, ३-ब. नाहीच आली तर साहेबांचं पोरगं असतं लातूरला, खोली करून, मेसचा डबा खात, ‘नीट’च्या तयारीला. बाप स्क्रीनशॉट टाकतो, “बेटा, ह्याचं काय?” पोरगं प्रश्न न वाचता सांगतं, “पप्पा, सगळ्यात लांब पर्याय टिक करा.” लातूर पॅटर्नची फळं अशी घरपोच मिळतात. पोराच्या परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण, आणि चुकलं की एक गुण कापला जातो. बापाच्या चाचणीत चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. सतरा वर्षांच्या पोराला चुकायची मुभा नाही, पन्नाशीच्या बापाला ती अमर्याद आहे. आजन्म शिक्षण म्हणतात ते हेच असावं. जन्म सरला तरी चाचणी सरत नाही.

मोठेपणी शिकणं ह्या मुलखाला नवं नाही. निजामाच्या राजवटीत इथलं दफ्तर उर्दूतून चालायचं. १९४८ साली राज्य गेलं आणि पुढे टाक तोच ठेवून कारभार मराठीत आणावा लागला. २००१ मध्ये संगणकाची एमएस-सीआयटी आली आणि पुढे वेतनवाढ अडकेल ह्या धाकाने का होईना, पन्नाशीकडे झुकलेली माणसं पोरासोरांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकली. हात थरथरायचा, पण हात तरी त्यांचाच होता.

आता हसणं बाजूला ठेवतो. शाळेत हाच प्रकार चालतो तेव्हा माझं डोकं फिरतं. गुरुजी रेंजसाठी लिंबाखाली उभे, ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’ डाउनलोड करत. आत चौथीचा वर्ग एकमेकांची पाठ्यपुस्तकं फाडत. दोष एकट्या गुरुजींचा नाही. मुदत आजची, फोटो आजच टाकायचा, लिंक सायंकाळी बंद. वर बसलेल्यांना मोजता येतील असे आकडे हवेत, आणि शिकणं मोजता येत नाही, प्रमाणपत्र येतं. माणसाला शिकवण्यापेक्षा मोजणं स्वस्त पडतं. ह्या आकड्यांपायी पोरांचा अख्खा तास जातो आणि त्याचा हिशेब कुठल्याच पट्टीवर दिसत नाही!

गंमत म्हणजे त्याच मोबाइलवर लोक खरोखर शिकतायत. सोयाबीन पिवळं पडलं की शेतकरी बांधावर उभा राहून व्हिडिओ लावतो, पान पडद्याशेजारी धरतो, हा मोझॅक की जमिनीतच काही कमी, ते ताडून बघतो, पुन्हा मागे नेऊन बघतो. शेजारची वहिनी नांदेडच्या एका खोलीत फोन शिलाई मशीनला टेकवून ब्लाउजचा गळा कापायला शिकली. पहिला गळा बिघडला तो तिच्याच कापडाचा, म्हणून दुसरा बरोबर बसला. ह्यांना कुणी पट्टी दाखवत नाही. दाखवलीच तर ते म्हणतील, ती राहू द्या, पाऊस कधी येतो ते सांगा.

इकडे साहेब चहावरून परततात. पट्टी भरलेली. शेवटी एक अर्ज येतो: प्रशिक्षण किती उपयुक्त वाटले? तारे दिल्याशिवाय प्रमाणपत्र उतरत नाही, म्हणून साहेब पाचच्या पाच देतात, स्टेटसला लावतात आणि खिडकी उघडतात. जेवणाची सुट्टी झालेली असते. मामांना तारे द्यायची सोय नाही. असती, तर त्यांनी दिवसाढवळ्या दाखवले असते.