रेकॉर्ड शॉट

अण्णा बँकेतून निवृत्त झाल्यावर काकूंनी त्यांना योगासनांचा क्लास लावून दिला. तिथे शवासनात त्यांना पाच मिनिटं धीर निघेना. तेच अण्णा आता सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या झाडीत, ओढ्याकाठच्या दगडावर तीन-तीन तास निपचित बसतात. कशासाठी, तर धड दहा सेंटिमीटरही न भरणाऱ्या शिंजीर पक्ष्याच्या फोटोसाठी.

वेश बघण्यासारखा. टोपीपासून पायमोज्यांपर्यंत पानापानांचं कापड. मंडईत उभे राहिले तर काकूंना पालेभाजीच्या ढिगात सापडायचे नाहीत. गळ्यात दोन किलोंची १५०-६०० मिलिमीटरची लेन्स, तिलाही त्याच कापडाचं झबलं. नातवालाही त्यांनी एवढ्या मायेनं कधी गुंडाळलं नसेल. लेन्सची किंमत काकूंना सांगितली आहे, पण निम्मी.

भाषाही बदलली. पक्षी फांदीवर बसत नाही, त्याला ‘पर्च’ मिळतो. मागे पानं आली की ‘क्लटर’. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसला की ‘कॅचलाइट नाही’ म्हणून पक्षी बाद. एखाद्या पोरानं जन्मात पहिल्यांदा नवरंग पाहिलेला असतो, हरखून तो फोटो दाखवतो. अण्णा दोन बोटांनी ताणत डोळ्यापर्यंत जातात आणि म्हणतात, “रेकॉर्ड शॉट.” म्हणजे नुसता नोंदीपुरता. कर्जाचे अर्ज ते याच आवाजात परत करत असणार.

लहान पक्ष्यांचं दुखणं त्यांनी मला एकदा समजावलं. चार मीटरवरून ६०० ला धरलं की जेमतेम सेंटिमीटरभर भागच रेखीव येतो. डोळा साधला की शेपूट गेली. त्यात ही जात क्षणभर एका जागी ठरत नाही. म्हणून शटर एक दोनहजारांश सेकंदावर आणि सेकंदाला दहा फोटो. एका सकाळी एकाच शिंपी पक्ष्याचे अकराशे फोटो झाले. त्यातले हजार नुसत्या फांदीचे. फांदी मात्र हजारही फोटोंत टाचणीसारखी शार्प!

एक मात्र मानायला हवं. घरट्याकडे अण्णा लेन्स वळवत नाहीत, मोबाइलवर हाका वाजवून पक्ष्याला फसवत नाहीत. दुसऱ्या कुणी वाजवलीच, तर ‘शुक्!’ असं करतात की उरलेले पक्षीही उडून जातात.

परवा फेब्रुवारीअखेर मी सोबत गेलो होतो. पांगारा फुललेला. एक शिंजीर नर जांभळा-काळा झळकत आला आणि फुलं सोडून थेट अण्णांच्या लेन्सच्या हुडवर बसला. विणीच्या दिवसांत या पठ्ठ्याला आरशातही वैरी दिसतो. वाकून बघतो तर काचेत दुसरा नर! टुणकन आत उतरला आणि चोचीनं टकटक सुरू. लेन्सला पावणेतीन मीटरच्या अलीकडचं दिसत नाही, हा तर वीतभरावर. अण्णांचा डोळा व्ह्यूफाइंडरला, आत नुसता काळोख थयथयाट करतोय. हलावं तर पक्षी उडणार, न हलावं तर काच जाणार. अण्णा हलले नाहीत. मी मोबाइलवर एक फोटो काढून घेतला.

नंतर टपरीवर चहा पिताना तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो ताणला, हुडाबाहेर आलेल्या शेपटीपाशी रेंगाळले, मग खाली स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यापाशी आले.

“रेकॉर्ड शॉट,” म्हणाले.

चहा संपवून उठताना हळूच म्हणाले, “पाठव मला. आणि हे बघ, व्हॉट्सअॅपवर तसाच नको. डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर क्वालिटी जाते.”