पडद्यावरचं लुगडं

दिग्दर्शकाने ‘नेपथ्य प्रतीकात्मक हवं’ म्हटलं की निर्मात्याचा चेहरा खुलतो. वाडा बांधायला नको, खांब उभारायला नकोत. एक पडदा रंगवायचा आणि उरलेलं प्रेक्षकांच्या बुद्धीवर सोडायचं. ती फुकट असते.

आमच्या हौशी मंडळींच्या नाटकात अहिल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले आणि आनंदीबाई जोशी अशा तिघी एकाच रंगमंचावर येणार होत्या. पडदा माझ्या वाट्याला आला. निर्मात्याची मागणी साधी होती : समई, कमळ आणि तुटलेली साखळी. ही साखळी मी इतक्या पोस्टरांवर पाहिली आहे की ती तोडायचा कारखाना कुठेतरी तीन पाळ्यांत चालत असावा. पूर्वीचं बरं होतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले त्या काळी महाल म्हणजे महाल आणि बाग म्हणजे बाग. कमळाचा अर्थ कुणी विचारत नसे.

मी लुगडं काढायचं ठरवलं. शाळेत शिकवायला जाताना लोक शेणमाती फेकतात म्हणून सावित्रीबाई सोबत जास्तीचं लुगडं न्यायच्या. छळावर इतका व्यवहारी तोडगा काढणाऱ्या बाईच्या हातात साखळी कशी द्यायची? मांजरपाटावर सरस-खडूचा हात फिरवला आणि वरपासून खालपर्यंत एकच लुगडं रंगवलं. त्यावर शेणाचे शिंतोडे. काठ महेश्वरी, कारण महेश्वरच्या विणकरांना आसरा अहिल्याबाईंचा. खाली निऱ्यांच्या लाटा, कारण आनंदीबाई 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

‘‘शेण कशाला? पहिल्या रांगेत प्रायोजक बसतात,’’ निर्माता म्हणाला.

त्याची काळजी रंगीत तालमीत मिटली. पिवळसर अंबर दिवे लागले आणि शेण सोन्यासारखं झळकू लागलं. समुद्राचा मात्र चिखल झाला. अंबर काढा म्हटलं, तर प्रकाशयोजनाकार म्हणाले, ‘‘मग चेहरे फिके दिसले की नायिकांची समजूत तुम्ही काढा.’’ तिन्ही नायिका तिथेच उभ्या होत्या. मी मुकाट्याने लाटांवर पांढऱ्याचे फटकारे मारले.

प्रयोग संपल्यावर दोन बायका थेट रंगमंचावर आल्या.

‘‘काठ महेश्वरी ना हो?’’

मला गहिवरून आलं. अहिल्याबाई पोचल्या!

‘‘केवढ्याला पडलं?’’

मी तोंड उघडायच्या आत निर्मात्याने मागून आकडा सांगितला. खऱ्या खर्चाच्या तिप्पट.

‘‘अगंबाई,’’ दुसरी म्हणाली, ‘‘एवढ्यात खरं आलं असतं!’’