बावट्याला पाठही असते

शिडाच्या होड्यांचा क्लब काढायला एक धरण आणि चार हौशी माणसं पुरतात. क्लबचा बावटा ठरवायला मात्र समिती बसवावी लागते.

या बावट्याला दर्यावर्दी मंडळी ‘बर्जी’ म्हणतात. बहुधा त्रिकोणी, मराठी माणसाला लांबून वारकऱ्याची पताकाच वाटावी. समितीत एकाला त्यावर नांगर हवा असतो, दुसऱ्याला डॉल्फिन (धरणात!), तिसऱ्याला स्थापनेचं साल. नौदलाला ‘शं नो वरुणः’ आहे, मग आपल्यालाही एखादं संस्कृत ब्रीदवाक्य नको का, हा मुद्दा अध्यक्षांचा. कुणाच्या तरी चित्रकार भाच्याला पकडून आणतात. तो बिचारा सगळं कोंबतो. चित्र टेबलावर झकास दिसतं, कारण टेबलावर वारा नसतो.

डोलकाठीवर चढल्यावर पहिला साक्षात्कार होतो, तो बावट्याला पाठ असल्याचा. एकेरी कापडावर छापलेलं ब्रीदवाक्य मागून उलटं दिसतं आणि निम्म्या प्रेक्षकांना ‘वरुण’ आरशात भेटतो. उपाय आहे: दोन्ही बाजूंना वेगळं कापड आणि आरपार दिसू नये म्हणून मध्ये तिसरं. त्याची गोधडी होते. मंद वाऱ्यात ती हलतसुद्धा नाही, डोलकाठीला बिलगून वाळत घातल्यासारखी लोंबते.

आकाराचंही गणित आहे. अमेरिकेतला जुना ठोकताळा असा, की पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत जितके फूट, तितके अर्धे इंच बावट्याची लांबी. चाळीस फुटांवर वीस इंच! त्यात नांगर, डॉल्फिन, साल आणि वरुणदेव. खालून पाहणाऱ्याला त्या सगळ्यांचा मिळून एक डाग दिसतो.

समुद्रावरची आंतरराष्ट्रीय संकेतनिशाणं लाल, निळा, पिवळा, काळा आणि पांढरा या पाचच रंगांत भागवतात. अबोली आणि मोरपंखी तिथे कुणी मागत नाही. टेड के यांच्या २००६ सालच्या ध्वजरचनेवरच्या पुस्तिकेत तर कसोटीच दिली आहे: लहान मुलाला आठवणीतून काढता येईल इतकं निशाण सोपं हवं. न्यूयॉर्क यॉट क्लब १८४४ साली नऊ जणांनी एका नांगरलेल्या स्कूनरवर स्थापन केला. त्याच्या निळ्या बावट्यावर लाल फुली आणि मधोमध पांढरा तारा, बस्स. लाल-निळ्याची जोडी लांबून काळवंडते, हे खरं. पण तारा लाज राखतो.

ब्रिटिश वळणाच्या क्लबांत पदाधिकाऱ्यांसाठी याच बावट्याची दुशेपटी आवृत्ती असते. कमोडोरची कोरी, व्हाइस कमोडोरच्या निशाणावर एक गोळा, रिअर कमोडोरच्या दोन. म्हणजे गोळे वाढले की हुद्दा उतरतो. हे नव्या रिअर कमोडोरच्या बायकोला पटवून देण्याचं काम कुठल्याच नियमावलीत कुणाकडे सोपवलेलं नाही.

बावट्याची जागा परंपरेने डोलकाठीच्या शेंड्यावर. पण हल्ली तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र आणि रेडिओची अँटेना ठाण मांडून असतात. त्यामुळे पुष्कळ होड्यांवर बावट्याला खाली, उजव्या अंगाच्या आडव्या दांडीवर बिऱ्हाड थाटावं लागतं. शर्यतीला निघताना तर जुन्या रिवाजाने तो उतरवूनच ठेवतात. घडी घालून, खणात. नांगर, डॉल्फिन, साल सगळ्यांसकट.