पंख डोक्यावर, डोकं आभाळात

न्यूयॉर्कच्या मेसीजमध्ये पुरुषमंडळी जायची ती शर्ट घ्यायला, फार तर एखादा टाय. १९४५ साली त्याच दुकानाने पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात चक्क विमान विकायला काढलं. खेळण्यातलं नव्हे हो, खरंखुरं, दोन माणसं बसवून उडणारं! एरकूप त्याचं नाव, किंमत तीन हजार डॉलरांच्या आत. पायाने दाबायची रडरची पेडलं त्याला नव्हतीच. मोटारीचं फिरवतात तसं चाक फिरवायचं, की वळलं विमान. बायकोने मोजे आणायला धाडलेला नवरा विमानाची पावती घेऊन घरी यायचा, तर त्या माउलीने करायचं काय?

आता या एरकूपचे पंख होते खाली, बुडाशी. म्हणून आपल्या कहाणीत ते नुसतं पाहुणं. खरी कुलंगडी आहेत ती डोक्यावर पंख मिरवणाऱ्यांची, ज्यांना जाणकार हाय-विंग म्हणतात. युद्ध संपल्यावर अमेरिकेला या छोट्या विमानांचं जे वेड लागलं, त्याला तोड नाही. हजारो पोरं सैन्यात विमान चालवायला शिकून परतली होती. जी शिकली नव्हती, त्यांच्या शिकवणीचा खर्च सरकार जीआय बिल या परतलेल्या सैनिकांसाठीच्या कायद्यातून द्यायला तयार होतं. बॉम्बफेकी विमानांचे सुटे भाग करणारे कारखाने रिकामे पडलेले. मग कुणीतरी हिशेब मांडला, की आता घरोघरी मोटारीशेजारी विमान उभं राहणार. हिशेब मांडणाऱ्याला कोण अडवतो?

१९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे पस्तीस हजार छोटी विमानं तयार झाली. पस्तीस हजार! आणि ती घेणारे कोण, तर दंतवैद्य, शेतकरी, विमा एजंट. हद्द म्हणजे थंडरबोल्ट हे दणदणीत लढाऊ विमान बनवणाऱ्या रिपब्लिक कंपनीनेही आपली अब्रू बाजूला ठेवून सीबी नावाचं पाण्यात उतरणारं बेढब घरगुती विमान काढलं. हजारभर बनवली आणि १९४७ मध्ये गुपचूप हात झटकले.

पण भाऊबंदकीशिवाय कहाणीला चव नाही, तेव्हा आधी पायपरकडचं ऐका.

पेनसिल्वेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी सी. जी. टेलर नावाचा एक हाडाचा विमानवेडा होता. मंदीत त्याची विमानांची कंपनी बुडाली, लिलाव झाला आणि विल्यम पायपर नावाच्या तेलवाल्याने सगळा बाडबिस्तरा ७६१ डॉलरांना उचलला. आजकाल तेवढ्यात बरा फोन येत नाही. पायपर वृत्तीने सज्जन. त्याने टेलरलाच पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. पुढे टेलर आजारी पडला. तो अंथरुणाला खिळलेला असताना वॉल्टर जॅमनो या तरुण इंजिनिअरने त्याच्या कब विमानाचे चौकोनी कोपरे घासूनपुसून छान गोल केले. पंखांची टोकं गोल, शेपूट गोल. बरा होऊन टेलर परतला आणि पाहतो तर काय, आपल्या लेकराचं कुणी परस्पर जावळ काढलेलं! त्याने जॅमनोला तडकाफडकी काढून टाकलं. पायपरने जॅमनोला परत बोलावलं. झालं, १९३५ मध्ये टेलर ताडकन उठून गेला आणि ओहायोत टेलरक्राफ्ट नावाचं वेगळं चुलखंड मांडलं. पायपरच्या कबमध्ये माणसं एकामागे एक बसायची, टेलरने शेजारीशेजारी बसवली. रुसवा असा असावा!

ब्रॅडफर्डचा कारखाना १९३७ मध्ये आगीत गेला, तेव्हा पायपरने लॉक हेवन गावातली एक बंद पडलेली रेशीम गिरणी गाठली. तिथून १९४७ पर्यंत कबच्या जे-३ या आवृत्तीचे जवळपास वीस हजार नग बाहेर पडले. पिवळेधमक, अंगावर एक काळी रेघ. इंजिन फक्त ६५ अश्वशक्तीचं. टाकीत पेट्रोल किती आहे हे कळायला काय सोय? टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार, आत तिच्या टोकाला बूच. तार खाली गेली की घरी परतायचं. एकट्याने उडायचं तर मागच्या खुर्चीत बसायचं, समोर रिकामी खुर्ची आणि त्यापुढे इंजिन. समोरचं नीट दिसत नाही ते नाहीच. उजवीकडचं दार उडतानाही उघडं टाकता येतं, हे तर त्याचे भक्त मोठ्या कौतुकाने सांगतात. सेल्फ-स्टार्टर नव्हता. एकाने पुढे जाऊन पंखा हाताने फिरवायचा. चाकाला अडसर लावला नसेल तर विमान मालकाला टाकून एकटंच फिरायला निघे. हे घ्यायला लोकांची झुंबड उडायची!

शेजारी ओहायोतच एरोन्का कंपनीचं चॅम्पियन होतं. तिथे एकट्याने पुढे बसता यायचं, खिडक्या मोठ्या, दिसायचं बरं. म्हणून चॅम्पवाले कबवाल्यांना नाकं मुरडत आणि कबवाले चॅम्पवाल्यांना. ते भांडण आजही चालू आहे, दोन्हीकडचे मालक ऐंशीच्या घरात गेले तरी.

पंख डोक्यावर का, हे विचारलंत तर हाय-विंगवाले तासभर सोडत नाहीत. एक तर खाली काही आड येत नाही; शेत, नदी, मेहुण्याचं घर, सगळं दिसतं. उन्हापावसात विमानाच्या पोटाशी उभं राहिलं तर आयती छत्री. टाकी पंखात, इंजिन खाली, म्हणजे पेट्रोल आपसूक उतरतं, पंपाचं लचांड नको. खडबडीत शेतात उतरताना पंख झुडपात अडकत नाही. मान्य आहे. पण वळण घेताना जिकडे वळायचं तिकडचाच पंख खाली येऊन डोळ्यांसमोर पडदा धरतो, हे सांगायची वेळ आली की मंडळींना एकदम घड्याळ आठवतं.

आणि १९४७ उजाडलं. घरी विमान आलं खरं, पण विमानतळ गावाबाहेर, तिथून गावात यायला वाहन नाही. पाऊस आला की उडता येत नाही, वारा आला की उतरता येत नाही. बायको एकदा बसली, दुसऱ्यांदा बसली नाही. युद्धातून उरलेली विमानंही बाजारात आली होती. मागणी निम्म्याहून खाली घसरली आणि १९४९ पर्यंत वर्षाला साडेतीन हजारांवर आली. टेलरक्राफ्टचं दिवाळं वाजलं. पत्र्याची देखणी विमानं करणारी लस्कम १९४९ मध्ये बुडाली. स्टिन्सनचा धंदा १९४८ मध्ये पायपरनेच गिळला. पायपरही काठावर आला होता. त्याने कोठारात पडलेले कबचे सुटे भाग गोळा केले, पंख आखूड कापले, दोन खुर्च्या शेजारीशेजारी लावल्या (होय, टेलरसारख्या!) आणि व्हॅगबॉण्ड म्हणून स्वस्तात विकलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करून पाहुण्यांना वाढावा आणि पाहुण्यांनी वर कृती विचारावी, तसं झालं. कंपनी वाचली.

कान्सासच्या विचिटात मात्र ड्वेन वॉलेस नावाचा माणूस शांतपणे हे सगळं पाहत होता. सेस्ना विमान कंपनी काढणाऱ्या क्लाइड सेस्ना यांचा हा भाचा, आता कंपनी चालवणारा. त्याची १२० आणि १४० ही दोन माणसांची विमानं १९४६ च्या वेडात हजारोंनी विकली गेली होती. मग १९४८ मध्ये चार खुर्च्यांचं १७० आलं. सगळ्यांना तिसरं चाक शेपटीखाली. अशा विमानाला जमिनीवर एक वाईट खोड असते, उतरताना जरा लक्ष हललं की ते गर्रकन स्वतःभोवती फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. जुन्याजाणत्यांना त्याचा केवढा अभिमान! पाय चालवता येत नसतील तर विमान कशाला चालवता, हा त्यांचा सवाल.

१९५१ मध्ये पायपरने ते चाक नाकाखाली आणून ट्राय-पेसर काढलं. जुन्यांनी त्याला दूध काढायचं स्टूल म्हणून हिणवलं. १९५६ साली सेस्नाने तेच केलं. आपल्या १७० चं शेपटीचं चाक काढून पुढे लावलं, शेपटीला नवा कोन दिला, आकडा १७२ केला आणि जाहिरातीत त्या चाकाला ‘लँड-ओ-मॅटिक’ म्हटलं. ओ-मॅटिक! धुलाईयंत्र आहे की विमान? किंमत ८,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी चौदाशेच्या वर विमानं निघाली. १९४६ साली ज्याचं नुसतं आश्वासन मिळालं होतं, ते मोटारीसारखं चालवायचं विमान लोकांना आत्ता कुठे मिळालं, आणि तेही एक चाक इकडचं तिकडे करून. आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त १७२ झाली. इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची झाली नाहीत. जुने मात्र अजून म्हणतात, हे काही खरं उडणं नव्हे.

खरं उडणं पाहिजे? मग लास वेगासचं ऐका. तिथल्या हॅसिएंडा हॉटेलला जाहिरात हवी होती. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी १७२ च्या अंगावर हॉटेलचं नाव रंगवलं आणि ४ डिसेंबर १९५८ ला उडाले. उतरले कधी? ७ फेब्रुवारी १९५९ ला! ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खाली ट्रक धावायचा, वर विमान, मध्ये पाइप, आणि चालत्या ट्रकमधून पेट्रोल वर. जेवणही दोरीला बांधून. आंघोळ? विचारू नका. मध्ये कुठे उतरून लबाडी करू नये म्हणून सुरुवातीलाच एका धावत्या गाडीतून त्यांच्या चाकांना पांढरा रंग फासला होता. एके रात्री चालवणारा टिम झोपी गेला आणि ऑटोपायलटने तासाभराहून अधिक वेळ विमान एकट्याने हाकलं. दोन महिने दोन बाप्ये एका मोटारीएवढ्या डब्यात, आणि दोघे जिवंत बाहेर आले, हा खरा विक्रम.

१९६४ मध्ये ओहायोच्या कोलंबसमधल्या जेरी मॉक, वय ३८, तीन मुलांच्या आई, सेस्ना १८० घेऊन एकट्या जगप्रदक्षिणेला निघाल्या. स्कर्ट घालून. दोनच दिवस आधी ओकलंडहून जोन मेरियम स्मिथ याच कामाला निघालेल्या, पायपर अपाची विमानात, दोन इंजिनं आणि पंख खाली! झाली ना पंचाईत? मॉकबाई कैरोहून सौदी अरेबियातल्या धाहरानला उतरल्या तेव्हा जमलेल्या लोकांनी विमानात डोकावून पाहिलं, पुरुष कुठे लपवलाय म्हणून. तिथून कराची, दिल्ली, कलकत्ता असं करत १७ एप्रिलला त्या घरी. एकटीने पृथ्वीभोवती उडणारी पहिली बाई. स्मिथबाई पोचल्या १२ मे ला. हाय-विंगवाल्यांनी यातून काय अर्थ काढला हे सांगायला नको. इंजिनं किती, वाट कोणती, याची विचारपूस कुणी केली नाही.

पायपरची गोष्ट इथे पुरी केली पाहिजे, कारण ती फितुरीची आहे. कबच्या जिवावर मोठी झालेली ही कंपनी १९६० च्या दशकात चेरोकी विमान घेऊन थेट खालच्या पंखांच्या गोटात गेली! तेव्हापासून प्रत्येक उड्डाण क्लबमध्ये दोन तट आहेत आणि चहाच्या टपरीवर त्यांची बाकंही वेगळी.

१९८७ मध्ये माथियास रुस्ट हा अठरा वर्षांचा जर्मन पोरगा हेलसिंकीहून भाड्याची १७२ घेऊन निघाला आणि २८ मे ला मॉस्कोत लाल चौकाजवळच्या पुलावर उतरला. सोव्हिएत हवाई संरक्षणाने काय केलं, तर पाहत राहिलं. संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. क्लबच्या शिकाऊ विमानाने!

तोवर विचिटात दुसरीच रड सुरू होती. अमेरिकेत विमान पडलं की कंपनीवर खटला, मग ते विमान तीस वर्षांचं का असेना. १९८६ मध्ये सेस्नाने १७२ बनवणंच थांबवलं. १९९४ साली कायदा आला, अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानासाठी बनवणाऱ्याला कोर्टात खेचता येणार नाही असा, तेव्हा कुठे १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनू लागली. आता नव्या १७२ ची किंमत चार लाख डॉलरांच्या पुढे. आठ हजार नऊशे पंच्याण्णव कुठे, हे कुठे!

आपण या वेडापासून लांब राहिलो असं समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्यासारख्या गुरूंकडे वायुगतिशास्त्र शिकून आले आणि बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानं घडवली. त्यातलंच पुष्पक, पंख डोक्यावर, ९० अश्वशक्तीचं इंजिन, २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं. त्याचं नाकडोळं एरोन्का चीफच्या वळणावर गेलेलं, हे तिथल्या मंडळींनीही लपवलं नाही. दीडशेच्या आसपास पुष्पकं झाली आणि देशभरच्या उड्डाण क्लबांत पोरं त्यावर शिकली. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी उरते म्हणतात. यात एकूण जागाच दोन, आणि एक मास्तरांची.

आता बारामतीला, धुळ्याला सेस्ना घिरट्या घालतात. आईबाप जमीन विकून, कर्ज काढून पोराला पाठवतात, पोरगं डोक्यावरच्या पंखाखाली दोनशे तास काढतं, लायसन्स घेतं आणि एअरबसमध्ये जाऊन बसतं. एअरबसचे पंख खाली! सासरी गेल्यागेल्या माहेर विसरलं. एखाद्याच्या वाट्याला एटीआर येतं, त्याचे मात्र पंख वरच असतात. तेवढाच काय तो घरंदाज निघाला म्हणायचं. पगार त्याला कमी असतो, ते सोडा.