जर्मनीतील टपालपेटीस अनावृत पत्र

श्रीमती टपालपेटी, मुक्काम जर्मनी, भाड्याच्या इमारतीचा तळमजला, यांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

जर्मनीत बँकेचे खाते पैशांवर उघडत नाही, पत्त्यावर उघडते. पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतोच, त्यामुळे पोस्टमन पेटीवरचे नाव वाचतो. पेटीवर घरमालकाचे नाव आणि पाकिटावर ‘कुलकर्णी’ असे असले, की पाकीट आल्या वाटेने परत जाते. अनेक बँकांचे कार्ड एका पाकिटात येते, पिन दुसऱ्यात. सुरक्षेसाठी ती वेगवेगळ्या दिवशी निघतात. त्यामुळे शाखाधिकाऱ्याचे खरे अधिकार श्रीमती टपालपेटी यांच्याकडेच आहेत, हे बँकांनी लेखी मान्य केलेले नाही इतकेच.

भारतीय विद्यार्थ्याचे पहिले खाते मात्र या पेटीला टाळून, भारतात बसूनच उघडते. व्हिसासाठी लागणारे हे ‘श्पेरकोंटो’, म्हणजे गोठवलेले खाते. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात आणि महिन्याला 992 युरो हाती येतात. पैसे स्वतःचेच, पण हप्त्याने. शिवाय तो हप्ता जमा व्हायला रोजच्या व्यवहाराचे दुसरे खाते, ‘गिरोकोंटो’, लागते.

ते उघडताना खरी गंमत सुरू होते. बँक बहुधा रहिवासी नोंदणीचा दाखला मागते. नोंदणी कार्यालय घरमालकाचे पत्र मागते. घरमालकाला अनामत आणि भाडे शक्यतो जर्मन खात्यातून हवे असते. प्रत्येकाचे म्हणणे रास्त आहे, फक्त सुरुवात कुणी करायची एवढेच ठरलेले नाही. कायद्याने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी व्हायला हवी. बर्लिनमध्ये त्या कार्यालयाची वेळ मिळायलाच अनेकदा त्याहून अधिक दिवस लागतात. व्हिडिओवरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण त्यासाठी बऱ्याच ठिकाणी भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग तोच पासपोर्ट टपाल कार्यालयात नेऊन दाखवावा लागतो, म्हणजे पुन्हा श्रीमतींच्या माहेरी.

या फेऱ्यातून निघण्याची एक वाट कायद्यानेच ठेवली आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. जून 2016 पासून युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणालाही ‘बाझिसकोंटो’ हे मूलभूत खाते मागण्याचा हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी. अर्ज पूर्ण असेल तर बँकेने दहा कामकाजी दिवसांत ते द्यायचे असते. शुल्क मात्र घेता येते आणि काही बँका ते मन लावून घेतात.

खाते मिळाल्यावर 22 अक्षरांचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मिळतो. त्यातले जर्मनीच्या ‘डीई’नंतरचे दोन अंक पडताळणीचे असतात, म्हणून एखादा आकडा चुकला तर यंत्र तो लगेच नाकारते. नाव चुकले तर पूर्वी कुणी विचारत नसे. ऑक्टोबर 2025 पासून युरो क्षेत्रातल्या बँका पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का, हे पाहतात. मराठी माणसाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असते, भाडेकरारात ते गळते आणि पगाराच्या नोंदीत कधी तेच पुढे येते. यंत्र शांतपणे ‘जवळपास जुळते’ असे कळवते.

भाडे, आरोग्यविमा, फोन आणि घरटी महिना 18.36 युरोंचे प्रसारण शुल्क, जे घरात टीव्ही नसला तरी द्यावे लागते, हे सारे ‘लास्टश्रिफ्ट’ने जाते: घेणारा परवानगीच्या जोरावर परस्पर रक्कम ओढतो. मुंबईकराला हे ऐकून धडकी भरेल, पण इथे ग्राहकाची बाजू भक्कम आहे. अशी वसुली आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत फिरवता येते. परवानगीच नसेल तर मुदत 13 महिन्यांची. खात्यातली शिल्लक प्रत्येक बँकेत दरमाणशी 1,00,000 युरोंपर्यंत कायद्याने सुरक्षित असते.

इकडे भारतातले जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. फेमा या परकीय चलनविषयक कायद्याखाली अनिवासी झालेल्याने, विद्यार्थीही त्यात आले, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या साध्या रुपया खात्यात बदलून घ्यायचे असते.

मायदेशी परतताना जर्मन खाते घाईने बंद करणे महागात पडते. घराची अनामत घरमालक हिशेब पुरा होईपर्यंत काही महिने ठेवून घेतो आणि ती परत यायला खाते लागतेच. परदेशात राहत असताना उघडलेले खाते परतल्यावरही ठेवता येते. मात्र ‘निवासी व सामान्यतः निवासी’ ठरल्यावर ते प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागते. लपवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यानुसार 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता 20 लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे. जर्मन बँक परतलेल्याचा नवा पत्ता विचारते आणि पिन त्या पत्त्यावर पाठवते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.